छाट कोणाची, माल कोणाचा?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चारही श्रमसंहिता अमलात आणल्या. कामगारवर्गाने पिढ्यान्‌पिढ्या झगडून मिळविलेले एकोणतीस कायदे ह्या संहितांच्या पोटात गडप झाले. त्याविरुद्ध देशभरच्या कामगार संघटनांनी आवाज उठविला तो योग्यच होता. परंतु ह्या गदारोळात सामाजिक सुरक्षा संहितेच्या सातव्या अनुसूचीतील एका नोंदीकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. ज्या कंपन्यांनी आपल्या उलाढालीतून श्रमिकांच्या कल्याणनिधीला अंशदान द्यावयाचे आहे, त्यांचे प्रकार ह्या अनुसूचीत दिले आहेत. प्रवासी वाहतूक आहे, घरपोच अन्न व किराणा आहे, मालवाहतूक आहे. त्याच यादीत आठवी नोंद आहे ती ‘आशय व माध्यम सेवा’ ही. मोटारसायकलवरून अन्न पोहोचविणाऱ्या तरुणाचे दुःख आता आपल्या सभांतून मांडले जाऊ लागले आहे, ही समाधानाची गोष्ट होय. पण ह्या आठव्या नोंदीआड उभा असलेला श्रमिक अद्याप आपल्या नजरेस पडलेला नाही. तो म्हणजे यूट्यूबसारख्या व्यासपीठांवर व्हिडिओ करून त्यावर पोट भरू पाहणारा, निदान संसाराला हातभार लावू पाहणारा, छोटा स्वतंत्र निर्माता.

त्याला श्रमिक म्हणताच आपल्यापैकी काहींच्या भुवया उंचावतील. म्हणून प्रथम तो कोण आहे हे नीट पाहू. खानदेशात अहिराणी गाणी चित्रित करणारी पोरे, मालवणी बोलीतले प्रहसन करणारी नाटकवेडी मंडळी, कांद्याच्या रोपवाटिकेची माहिती सांगणारा शेतकरी, स्पर्धापरीक्षेचे गणित शिकविणारा बेकार पदवीधर, तालुक्याच्या बातम्या देणारा आणि कोणत्याही वृत्तपत्राच्या पगारपत्रकावर नसलेला वार्ताहर, चुलीवरचा स्वयंपाक दाखविणारी गृहिणी हे सारे ह्या वर्गात येतात. मोबाईल त्यांचा, दिवा त्यांचा, इंटरनेटचा खर्च त्यांचा, रात्री जागून केलेले संकलनही त्यांचेच. माल तयार झाला की तो ज्या एकाच पेठेत विकला जाऊ शकतो त्या पेठेचे दार, तराजू आणि वही मात्र कंपनीच्या हाती. कोणता व्हिडिओ कोणापुढे ठेवायचा हे कंपनी ठरविते. त्यावर कोणती जाहिरात लावायची, तिचे किती घ्यायचे आणि त्यातले निर्मात्याला किती द्यायचे, हेही तीच ठरविते.

यूट्यूब २००५ साली निघाले. पुढच्याच वर्षी गुगलने ते १६५ कोटी डॉलर किमतीचे समभाग देऊन घेतले, आणि २००७ पासून निर्मात्यांना जाहिरातीच्या उत्पन्नात भागीदार करून घेण्याची योजना सुरू झाली. मोठ्या व्हिडिओवरील जाहिरात उत्पन्नातले पंचावन्न टक्के निर्मात्याला आणि पंचेचाळीस टक्के कंपनीला, अशी वाटणी आज आहे. न्यायाने बोलायचे तर गाण्यांच्या तबकड्या काढणाऱ्या कंपन्यांनी किंवा प्रकाशकांनी कलावंताला एवढा वाटा सहसा कधी दिला नव्हता, हे मान्य केले पाहिजे. एका मिनिटाच्या आसपासच्या छोट्या व्हिडिओंनी जेव्हा बाजार काबीज केला, तेव्हा १ फेब्रुवारी २०२३ पासून त्यांच्यासाठी वेगळा हिशेब आला. सर्वांच्या जाहिरातींचे उत्पन्न एका सामाईक कुंडात जमा होते, आणि निर्मात्याच्या वाट्याला जेवढे नेमून दिले जाते त्यातले पंचेचाळीस टक्के त्याच्या हाती पडतात. दर बदलला, पण तो ठरविताना निर्मात्यांच्या कोणा प्रतिनिधीशी वाटाघाट झाली नाही. ‘भागीदार’ असे नाव आहे खरे. पण ज्या भागीदारीत एकाने अटी लिहायच्या आणि दुसऱ्याने खाली अंगठा उठवायचा, तिला आमच्या खेड्यापाड्यांत दुसरा शब्द आहे.

तरीही आमचे मुख्य म्हणणे दराविषयी नाही. ते ह्या भागीदारीच्या उंबरठ्याबाहेर ठेवलेल्या माणसांविषयी आहे.

२०१७ साली लंडनच्या ‘टाइम्स’ने दाखवून दिले की मोठमोठ्या कंपन्यांच्या जाहिराती द्वेष पसरविणाऱ्या आणि दहशतवादी व्हिडिओंवर झळकत आहेत. जाहिरातदार बिथरले, अनेकांनी हात आखडता घेतला. चूक कंपनीच्या देखरेखीची होती. प्रायश्चित्त मात्र कोणाच्या वाट्याला आले? एप्रिल २०१७ मध्ये नियम आला की चॅनेलला एकूण दहा हजार वेळा पाहिले गेल्याशिवाय उत्पन्न नाही. जानेवारी २०१८ मध्ये दुसरा नियम जाहीर झाला: एक हजार सबस्क्रायबर आणि गेल्या बारा महिन्यांत चार हजार तासांचे दर्शन, असे दोन्ही नसतील तर भागीदारी नाही. २० फेब्रुवारी २०१८ पासून हा नियम आधीच भागीदार असलेल्या छोट्या चॅनेलांनाही लागू करण्यात आला. ज्यांनी कोणताही अपराध केलेला नव्हता त्यांची नावे केवळ लहान असल्याच्या कारणावरून वहीतून खोडली गेली.

चार हजार तास हा आकडा कागदावर लहान दिसतो. एखादी बाई चटणी कुटण्याचा सहा मिनिटांचा व्हिडिओ टाकते आणि पाहणारा सरासरी चार मिनिटे थांबतो असे धरले, तर हा पल्ला गाठण्यास वर्षाला साठ हजार वेळा तिचे व्हिडिओ पाहिले गेले पाहिजेत. छोट्या व्हिडिओंचा मार्ग धरला तर नव्वद दिवसांत एक कोटी. २०२३ च्या जून महिन्यात कंपनीने पाचशे सबस्क्रायबरांची एक खालची पायरी केली खरी, पण ती प्रेक्षकांनी स्वखुशीने दिलेल्या देणग्या आणि वर्गणीपुरती. त्यातलेही तीस टक्के कंपनी ठेवते. जाहिरातीच्या उत्पन्नाचा उंबरठा आहे तेवढाच उंच राहिला.

२०१८ साली कंपनीने ह्या कारवाईचे जे समर्थन केले ते मुळातून वाचण्यासारखे आहे. ज्यांच्यावर परिणाम होईल त्यांतल्या नव्व्याण्णव टक्क्यांनी मागील वर्षभरात शंभर डॉलरांहूनही कमी मिळविले होते, आणि नव्वद टक्क्यांनी शेवटच्या महिन्यात अडीच डॉलरांहूनही कमी, असे तिने सांगितले. म्हणजे युक्तिवाद असा की गरिबांचे आम्ही घेतो ते इतके थोडे आहे की त्याची खंत करण्याचे कारण नाही! हा युक्तिवाद आम्हांला नवा नाही. चिमूटभर वजन मारणाऱ्या प्रत्येक अडत्याने तो आपल्या तराजूमागून ऐकविलेला आहे.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. १८ नोव्हेंबर २०२० रोजी कंपनीने आपल्या सेवाशर्ती बदलल्या. प्रथम अमेरिकेत आणि २०२१ च्या मध्यापर्यंत जगभर. जे निर्माते भागीदार नाहीत त्यांच्याही व्हिडिओंवर जाहिराती लावण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे घेतला. अशा जाहिरातीचे सारे उत्पन्न कंपनीचे. निर्मात्यास त्यातील एक पैसा मिळत नाही. ज्याचा माल भागीदारीच्या लायकीचा नाही म्हणून बाजूस सारला, त्याच मालावर जाहिरात विकायला तो लायक ठरला!

सिन्नर, संगमनेर, सोलापूर, गोंदिया, भंडारा ह्या भागांतल्या आमच्या कार्यकर्त्यांना हे वाचताना काही आठवले असेल. विडी कामगारांच्या चळवळीत ‘छाट’ हा शब्द लहान पोरांनाही ठाऊक असे. बाई घरी बसून हजार विड्या वळी आणि टोपली डोक्यावर घेऊन कंत्राटदाराकडे जाई. तो मुठी उचलून काही विड्या बाजूस टाकी: ही सैल, ही वाकडी, हिचे पान फाटके. बाजूस टाकलेल्या विड्यांची मजुरी मिळत नसे. पण त्या विड्या बाई परत घरी नेत नसे. त्या कंत्राटदाराकडेच राहत आणि पुढे बाजारात जात. माल खराब म्हणून दाम नाही, आणि माल विकला मात्र जातोच, ही छाटीची सारी किमया होती.

ह्या किमयेला लगाम बसला तो कंत्राटदाराच्या दयाबुद्धीने नव्हे. घरखात्यातील बाई ही स्वतंत्र धंदेवाली आहे, ती आमची कामगार नव्हेच, असे मालक सांगत असत. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून विडी वळणारीलाही कामगार मानले. त्याखालील नियमांनी छाटीच्या प्रमाणावर मर्यादा घातली, आणि छाटीवरून वाद झाला तर तो शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याने निकाली काढावा अशी तरतूद झाली. कारखानदार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७४ साली न्यायालयाने कायदा वैध ठरविला. हा कायदाही आता नव्या संहितांत विलीन झाला आहे आणि कागदावरची तरतूद प्रत्यक्षात कितपत उतरली हे विडी कामगार बायाच सांगतील. पण त्या लढ्याने सिद्ध केलेले तत्त्व कोणत्याही संहितेने पुसले जात नाही: माल छाटण्याचा आणि छाटलेला माल विकण्याचा, हे दोन्ही अधिकार एकाच हातात असता कामा नयेत.

व्हिडिओच्या धंद्यातला छाटणारा हात माणसाचा नाही, ही त्यातली भर. व्हिडिओ जाहिरातीला योग्य की अयोग्य हे आरंभी यंत्र ठरविते. निर्मात्याला हिरव्याऐवजी पिवळे डॉलरचिन्ह दिसते. जाहिराती मर्यादित झाल्या किंवा थांबल्या एवढा त्याचा अर्थ. फेरतपासणी मागता येते, पण व्हिडिओ सर्वाधिक पाहिला जातो ते पहिले काही दिवस तोवर निघून गेलेले असतात. स्वामित्वहक्काच्या बाबतीतही तेच. व्हिडिओत एखाद्या गाण्याचा तुकडा आहे असे यंत्राला वाटले की हक्क सांगणाऱ्याच्या नावे उत्पन्न वळविता येते. कंपनीनेच प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२१ च्या पहिल्या सहा महिन्यांत असे बहात्तर कोटींहून अधिक दावे लागले. त्यांतल्या सुमारे बावीस लाखांना निर्मात्यांनी आव्हान दिले, म्हणजे शेकडा अर्ध्याहूनही कमी. आणि आव्हान दिलेल्यांपैकी साठ टक्के प्रकरणांत निकाल निर्मात्याच्या बाजूने लागला.

ह्या दोन आकड्यांचा अर्थ कंपनी असा लावते की दावे बहुतांशी बिनचूक आहेत, म्हणून कोणी तक्रार करीत नाही. आमचा अनुभव निराळा आहे. दाद मागणाऱ्या दहांतील सहाजण खरे ठरत असतील, तर दाद न मागणाऱ्यांतही खरे असणारे थोडे नसावेत. ते गप्प का राहतात? कारण वाद हरल्यास चॅनेलवर ताकीद बसू शकते, आणि नव्वद दिवसांत तीन ताकिदी झाल्या की चॅनेलच बंद होऊ शकते. वर्षांची मेहनत पणाला लावून पन्नास रुपयांसाठी भांडण्यास छोटा माणूस धजत नाही. ह्याच भीतीचा बाजारही मांडला जाऊ शकतो. २०२५ च्या मे महिन्यात आपल्या देशातील अनेक निर्मात्यांनी जाहीर तक्रार केली की काही सेकंदांच्या दृश्यांवरून ताकिदी लावून त्या मागे घेण्यासाठी लाखो रुपयांचा परवाना घेण्यास सांगितले जात आहे. तो वाद न्यायालयात गेला. निकाल काहीही लागो. ज्या व्यवस्थेत ताकीद हीच शिक्षा असते, तिथे अशी सौदेबाजी होणे अटळ आहे.

इथे काही साथी म्हणतील की ही मंडळी श्रमिक नव्हेतच, ती श्रीमंत होण्याची स्वप्ने पाहणारी लहानशी धंदेवाली आहेत. त्यांना एवढेच विचारावेसे वाटते की हमालांविषयी हेच म्हटले जात नव्हते काय? आज ह्या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर, एक मालक नाही, हजेरीपट नाही. ह्याला कामगार कसे म्हणावे? महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा करून ह्या प्रश्नाचे उत्तर दिले. मालक एक नसेल तर मंडळ नेमा, मंडळात कामगार, मालक आणि शासन ह्या तिघांना बसवा आणि मजुरीवर लेव्ही घेऊन भविष्यनिर्वाहाची सोय करा. २०२३ साली राजस्थानने प्लॅटफॉर्म श्रमिकांसाठी देशातला पहिला कायदा केला, त्याचीही घडण कल्याण मंडळ आणि प्रत्येक व्यवहारावरील आकार अशीच आहे. जे आपल्याच मातीत उगवले त्याचा आपल्यालाच विसर पडावा, हे बरे नव्हे. मूठभर निर्माते कोट्यधीश झाले, हेही खरे. सोडतीत एकाला मोटार लागते म्हणून तिकीट घेणारे सारे धनिक ठरत नाहीत.

दुसरा आक्षेप असा की ह्या व्हिडिओंत सवंगपणा फार. आहेच. पण विणकराची मजुरी कापडावरील नक्षी आपणांस रुचते की नाही ह्यावर ठरत नसते. शिवाय प्रेक्षक किती वेळ खिळून राहिला ह्यावरच जिथे मोबदला बेतलेला आहे, तिथे भडकपणाची पेरणी कोणी केली हेही पाहिले पाहिजे. तिसरा आक्षेप कंपनीच्या बाजूचा: आम्ही साठवणीची जागा फुकट देतो, तिचा खर्च कोठून काढावा? प्रश्न रास्त आहे. यूट्यूबचे जाहिरात उत्पन्न २०१९ साली सुमारे पंधराशे कोटी डॉलर होते; २०२४ साली ते छत्तीसशे कोटी डॉलरांच्या पुढे गेले. छोट्यांच्या मालावर किती जाहिराती लागल्या आणि त्यांच्या साठवणीला किती खर्च आला, हा हिशेब मांडा. खर्च वजा जाता उरेल त्यात त्यांचा हिस्सा द्या. हिशेब न दाखविता खर्चाची सबब सांगणे हा सावकारी रिवाज झाला.

कंपनीइतकाच सावधपणा सरकारबाबतही बाळगला पाहिजे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने एका आदेशाने टिकटॉकसह ५९ ॲप बंद केली. सीमेवरील संघर्षाची ती पार्श्वभूमी होती आणि राष्ट्रीय सुरक्षेच्या प्रश्नात आम्ही येथे शिरत नाही. पण त्या एका रात्रीत खेड्यापाड्यांतील हजारो मुलामुलींचा प्रेक्षक नाहीसा झाला, आणि त्यांच्या बुडालेल्या कमाईची चौकशी कोणी केली नाही. गिरणी बंद पडली तर निदान थकलेल्या देण्यांचा प्रश्न तरी उभा राहतो; इथे तोही राहिला नाही. २०२४ साली प्रसारण सेवा विधेयकाचा जो सुधारित मसुदा काही निवडक मंडळींपुढे फिरविण्यात आला, त्यात चालू घडामोडींवर बोलणाऱ्या स्वतंत्र निर्मात्यांनाही सरकारी नियंत्रणाखाली आणण्याचा बेत होता. विरोध होताच तो मागे घेण्यात आला. तेव्हा नियमनाची मागणी करताना आपले शब्द तोलून वापरले पाहिजेत. आम्हांस नियमन हवे आहे ते दामाचे, हिशेबाचे आणि न्यायाचे. विचारांचे नियमन आम्हांस नको, कंपनीचेही नको आणि सरकारचेही नको.

असे नियमन शक्य आहे काय? ते झालेले आहे. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यानुसार, जो १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू झाला, व्यासपीठाने कोणाचा मोबदला थांबविला वा मर्यादित केला तर त्याची स्पष्ट लेखी कारणे द्यावी लागतात. तक्रारीचा निकाल केवळ यंत्रावर सोडता येत नाही. आणि कंपनीबाहेरच्या तंटा-निवारण संस्थेकडे जाण्याची वाट मोकळी असते. आपल्याकडे २०२१ च्या माहिती-तंत्रज्ञान नियमांत व्हिडिओ काढून टाकला तर कारण कळविण्याची तरतूद आहे. पण व्हिडिओ राहू दिला आणि पैसा रोखला तर काय, ह्यावर ते नियम मौन पाळतात. तीच कंपनी, तेच यंत्र. बर्लिनच्या निर्मात्याला कारण मागण्याचा हक्क आणि बार्शीच्या निर्मात्याला नाही, हा भेद का म्हणून सोसायचा?

हा हक्क युरोपात आपोआप उतरला असे समजण्याचे कारण नाही. २०१८ च्या नियमांनंतर जर्मनीत योर्ग श्प्राव्ह ह्या निर्मात्याने यूट्यूबरांची युनियन काढली. जुलै २०१९ मध्ये तिच्याशी हातमिळवणी केली ती इगे मेटाल ह्या वीस लाखांहून अधिक सभासदांच्या धातुकामगार संघटनेने. पोलाद ओतणारे कामगार आणि व्हिडिओ करणारी पोरे एका मागणीपत्रावर आली: निर्णयांची कारणे द्या, बोलायला माणूस द्या, नियम ठरविताना आम्हांला विचारा. कंपनीने त्यांना वाटाघाटीतला पक्ष म्हणून मानले नाही. तरीही ज्यांना कोणी कामगार म्हणत नव्हते त्यांना एका जुन्या, मातब्बर कामगार संघटनेने आपल्या पंगतीत बसविले, ह्याचे मोल कमी नाही. हा धडा आपल्या कामगार आघाडीने घेण्यासारखा आहे.

म्हणून आमच्या मागण्या अशा. ज्या व्हिडिओवर जाहिरात लागेल त्याच्या निर्मात्याला, तो लहान असो वा मोठा, पहिल्या रुपयापासून हिस्सा मिळाला पाहिजे. रक्कम फार थोडी असेल तर ती त्याच्या नावे साठत राहो. पण तिची मालकी त्याची असो. मोबदला थांबविण्यापूर्वी लेखी कारण आणि माणसाकडून सुनावणी मिळाली पाहिजे, आणि कंपनीबाहेर अपील असले पाहिजे. दर व अटी बदलण्यापूर्वी निर्मात्यांच्या संघटनेशी बोलणी झाली पाहिजेत. आणि सातव्या अनुसूचीतील आठवी नोंद जिवंत झाली पाहिजे. संहितेत उलाढालीच्या एक ते दोन टक्के अंशदानाची तरतूद आहे. ती श्रमिकांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या कमाल मर्यादेत आहे, म्हणजे अपुरीच आहे. शिवाय आपण केवळ मध्यस्थ आहोत, हे निर्माते आपले प्लॅटफॉर्म श्रमिक नव्हेत, असा बचाव व्हिडिओ कंपन्यांनी केल्यास नवल नाही. तो वाद आजच उभा केला पाहिजे. महाराष्ट्र सरकारने माथाडीच्या धर्तीवर मंडळ नेमून त्यात ह्या निर्मात्यांना स्थान द्यावे, ह्यासाठी विधिमंडळात आणि रस्त्यावर प्रयत्न झाले पाहिजेत.

मागण्या छापून संघटना होत नाही, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. आपल्या तालुक्यात असे किती निर्माते आहेत ह्याची नोंद प्रत्येक शाखेने करावी. त्यांच्या घरी जावे. कोणाचे उत्पन्न कधी थांबले, कारण काय सांगितले, भागीदारी नसताना कोणाच्या व्हिडिओवर जाहिराती दिसतात, ह्याची वही ठेवावी. तारखेसह आणि कंपनीच्या पत्रांच्या नकलांसह. अशा हिशेबाशिवाय मालकापुढे उभे राहता येत नाही. आज एकेकटा पडलेला निर्माता रात्री मोबाईलच्या पडद्यावर पिवळे चिन्ह पाहतो आणि दोष आपल्याच कामाचा असावा असे समजून झोपी जातो. हा दोष त्याचा नाही, आणि तो एकटाही नाही, हे त्याला जाऊन सांगणे हे आपले पहिले काम आहे.